व्हिस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीचा पहिला हंगाम: संधी का हुकतात आणि कुठल्या सोडायच्या

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला की व्हिस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. ऑफिसातली कितीतरी टेबलं रिकामी असतात, गावोगावच्या पेट्रोल पंपांवर पहाटे चारलाच नारिंगी जाकिटांची गर्दी असते. मॅडिसन, मिलवॉकी किंवा शिकागोच्या बाजूला राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी एखादा सहकारी किंवा शेजारी विचारतोच, ‘यंदा येतोस का बरोबर?’ हा लेख अशांसाठी आहे, ज्यांना जायचं तर आहे पण सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत काही लाखांवर आलं होतं. आज ते तीन कोटींच्या घरात आहे. ठरावीक हंगाम, परवाने आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला रायफली व काडतुसांवरचा अकरा टक्के कर यांचा त्यात मोठा वाटा आहे. तो पैसा वन्यजीवांच्या कामालाच जातो. त्यामुळे इथला शिकारी हा त्या व्यवस्थेतला एक घटक आहे, आणि त्याने तसंच वागावं अशी अपेक्षा असते.

माझं सांगणं एवढंच आहे: पहिल्या हंगामात हरीण मिळालं नाही तरी बिघडत नाही, पण हरणाची एकही भेट न शिकता वाया घालवू नका. संधी हुकण्याची कारणं मोजकी असतात आणि बहुतेक आधीच टाळता येतात. काही संधी मात्र मुद्दाम सोडायच्या असतात, आणि त्या ओळखणं नेम शिकण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पायरी १: कागदपत्रं

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे ‘हंटर एज्युकेशन’चा कोर्स करावा लागतो. तो अजून झाला नसेल तर अनुभवी शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहून ‘मेंटॉर्ड हंटिंग’ करता येतं. राज्याचं निसर्गसंपत्ती खातं, ज्याला सगळे डीएनआर म्हणतात, नवख्यांसाठी ‘लर्न टू हंट’ नावाचा उपक्रमही चालवतं. बरोबर नेणारं कुणी नसेल तर तिथून सुरुवात करा.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची बाब व्हिसाची आहे. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणजे परवाना हातात येण्याआधी मित्राची रायफल ‘जरा बघू’ म्हणूनसुद्धा उचलायची नाही. स्वतःच्या प्रकरणात काय लागू होतं ते इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या, इथे अंदाजाने वागणं महागात पडेल. धनुष्यबाण या कायद्याने बंदुकीत मोडत नाही. तिरंदाजीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो, त्यामुळे व्हिसावर असलेले कितीतरी जण तिथूनच सुरुवात करतात.

परवान्याबरोबर टॅग येतो, म्हणजे एक हरीण मारायची परवानगी. नराच्या टॅगवर मारायच्या हरणाचं निदान एक शिंग तीन इंचांचं हवं. मादीचा टॅग ठरावीक विभागापुरता असतो, आणि सरकारी जमिनीचा वेगळा, खासगीचा वेगळा. हा फरक नीट वाचा. पुढे जंगलात याच एका ओळीवर तुमचा निर्णय ठरणार आहे.

बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत. टोपी घातलीत तर तीही. ‘हरणाला दिसणार नाही का?’ असं नवखे विचारतात. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याला तो मळकट वाटतो. निळा रंग मात्र त्याला चांगला दिसतो, म्हणून जीन्स घरीच ठेवा.

बंदुकीचे चार नियम कोर्समध्ये घोकून घेतात आणि ते घोकण्यासारखेच आहेत: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा, सावज कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, आणि बार करायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नेऊ नका.

पायरी २: जागा हंगामाआधी शोधा

सरकारी जमीन भरपूर आहे. उत्तरेला शवामेगन-निकोले राष्ट्रीय वनच सुमारे पंधरा लाख एकरांचं आहे, शिवाय काउंटीची जंगलं आहेत. नैर्ऋत्येला टेकड्या, दऱ्या आणि मक्याची शेतं यांचा ‘ड्रिफ्टलेस’ पट्टा आहे. हरणं तिथे जास्त दिसतात, पण जमीन बहुतेक खासगी. शेतकऱ्याच्या दारात जाऊन नीट विचारलं, थंडीत कुंपणाच्या कामाला हात लावला, तर परवानगी मिळते असा अनुभव आहे. विचारायला जायचं तर उन्हाळ्यात जा. हंगामाच्या आदल्या आठवड्यात दार वाजवणारे खूप असतात.

ऑक्टोबरमध्ये एक-दोन चकरा मारा. काय बघायचं? ओल्या मातीत खुरांची वाट, लेंड्यांचे ढीग, ओकच्या झाडाखाली विस्कटलेला पाला. कोवळ्या खोडांची साल शिंगं घासून सोललेली दिसली की त्या वाटेने नर जातो असं समजा. माजाच्या दिवसांत नर पुढच्या पायाने जमीन खरवडतो, आणि त्या खरवडलेल्या जागेवर नेमकी एखादी फांदी झुकलेली असते. तिला तो तोंड आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो. फांदी मोडलेली आणि माती ताजी असेल तर जागा चालू आहे.

हरीण दिवसा दाट झाडीत रवंथ करत पडून असतं आणि संध्याकाळी खायला निघतं. या दोन जागांच्या मधली अरुंद वाट धरा. दोन टेकड्यांमधली खिंड, ओढ्याचा उतार, दलदल आणि शेत यांच्यामधली झाडीची पट्टी अशा जागा मोक्याच्या. थेट झोपण्याच्या जागेत घुसलात तर ती हरणं पुढचे कित्येक दिवस तिथे फिरकणार नाहीत.

पायरी ३: वारा

सगळ्यात जास्त संधी वाऱ्यामुळे हुकतात, आणि त्या हुकल्याचं तुम्हाला कळतसुद्धा नाही. तुम्ही दिवसभर बसता, काहीच आलं नाही म्हणून घरी जाता. खरं तर हरीण आलेलं असतं. शे-दीडशे यार्डांवर त्याला तुमचा वास लागलेला असतो आणि ते आल्या पावली परत गेलेलं असतं.

हरीण ज्या बाजूने येईल असा अंदाज आहे, तिकडून वारा तुमच्याकडे आला पाहिजे. हवामानाच्या ॲपवरची दिशा डोंगराळ भागात पुरत नाही. सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. त्यामुळे सकाळी चढावर आणि संध्याकाळी खालच्या बाजूला बसणं सोयीचं. वारा बघायला इथले जुने शिकारी मिल्कवीडचं बोंड खिशात ठेवतात. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं आहे, आणि त्याच्या बोंडातून तशाच म्हाताऱ्या उडतात. एक सोडा आणि नजरेआड होईपर्यंत तिच्याकडे बघत राहा. समोर जाता जाता ती अचानक डावीकडे वळून ओढ्यात उतरते, तेव्हा तुमचा वास कुठे चालला आहे ते दिसतं. वारा बघायला जी पावडरची बाटली मिळते, तिच्यातून इतकं लांबचं कळत नाही.

चहा, धूप, फोडणी, हे सगळं कपड्यांना चिकटतं. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन स्वयंपाकघरापासून दूर पेटीत ठेवा. तरी वास पूर्ण जात नाही. वारा सांभाळण्याला पर्याय नाही.

पायरी ४: मचाण आणि थंडी

शिकारीच्या गंभीर अपघातांत झाडावरच्या मचाणावरून पडण्याचं प्रमाण फार मोठं आहे. अंगभर पट्टा, आणि जमिनीवर पाय असतानाच त्याला अडकवायची दोरी, या दोन गोष्टींशिवाय झाडावर चढू नका. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढून घ्यायची, खांद्याला लावून चढायचं नाही. पहिल्या वर्षी तर जमिनीवरच, एखाद्या जाड ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसावं. लपण म्हणून तेवढं पुरतं.

थंडीबद्दल थोडक्यात: सुती काही नको, लोकर हवी. चालत जाताना जाडं जाकीट पिशवीत ठेवा, नाहीतर घामाने भिजाल आणि तासाभरात कुडकुडायला लागाल. कुडकुडणारा माणूस हलतो, आणि हलणारा माणूस दिसतो. थर्मासमध्ये गरम पाणी, डब्यात पोळी-चटणीचा रोल, आणि दुपारभर बसायची तयारी ठेवा. दहा-साडेदहाला बहुतेक शिकारी जेवायला गाडीकडे निघतात, त्यांच्या चालण्याने हरणं उठतात आणि शांत बसलेल्याच्या समोरून जातात. ही संधी फक्त बसून राहिल्याने मिळते.

पायरी ५: हरीण आलं, आता?

या पायरीवर सावकाश थांबू, कारण इथेच सगळं बिनसतं.

पहिल्यांदा आवाज येतो. खारी पाल्यात फार गोंगाट करतात, इतका की पहिल्या तासात दहा वेळा मान वळवाल. हरणाची चाल वेगळी: दोन-चार पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. मग झाडांच्या उभ्या रेघांमध्ये एक आडवी रेघ दिसते, ती पाठ. किंवा नुसता कान हलतो. आख्खं हरीण शोधू नका, तुकडा शोधा.

आणि मग छाती धडधडायला लागते. कानात ठोके ऐकू येतात, हात थरथरतात, श्वासाने रायफलवरच्या दुर्बिणीची काच धुरकटते. याला इथे ‘बक फीव्हर’ म्हणतात आणि तीस वर्षं शिकार करणाऱ्यांनाही तो येतो. उपाय एकच: काय करायचं ते आधी ठरलेलं असावं. शिंगं आहेत की नाहीत, एवढं एकदा बघून घ्या, मग शिंगांकडे पाहणं बंद करा. नजर पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. तोंडाने हळू श्वास सोडा.

हालचाल कधी करायची? हरणाचं डोकं झाडामागे गेलं की. डोकं दिसत असताना हात हलवू नका, मग ते तुमच्याकडे बघत नाही असं वाटलं तरी. मान खाली घालून चरणारं हरीण पुष्कळदा झटकन मान वर करतं, तुम्ही हललात का ते बघायला. मादीला संशय आला की ती पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून उचलते, क्षणभर तसाच धरते आणि जमिनीवर आपटते. थांबते. पुन्हा आपटते. मान डावी-उजवीकडे, वर-खाली करून तुम्हाला निरखते. या वेळी पुतळा व्हा. बऱ्याचदा ती शेपटी एकदा हलवते आणि पुन्हा चरायला लागते. नाकातून जोरात फुत्कार टाकून शेपटीचं पांढरं निशाण उभारून पळाली, तर आजूबाजूच्या सगळ्या हरणांना खबर गेली असं समजा.

संधी हुकवणाऱ्या अगदी बारीक गोष्टी असतात. दुर्बीण नऊपटीवर ठेवलेली असते आणि हरीण तीस यार्डांवर येतं, तेव्हा काचेत नुसते केस दिसतात आणि हरणाचा कुठला भाग आहे ते कळत नाही. म्हणून बसल्या बसल्या ती सगळ्यात कमी पटीवर आणून ठेवा. सेफ्टीचा, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या खटक्याचा, ‘टक्’ आवाज चाळीस यार्डांवर ऐकू जातो. दोन बोटांत धरून हळूच सरकवायचा सराव घरी, रिकाम्या बंदुकीवर करा. जाकिटाचं वेल्क्रो, खुर्चीची करकर, खिशातल्या किल्ल्या. रेंजवर टेबलाला टेकून सराव केलेला असतो, आणि जंगलात जाड जाकीट घालून गुडघ्यावर कोपर ठेवून नेम धरावा लागतो, तेव्हा दस्ता खांद्याला बसतच नाही. तर सराव जाकीट घालून, जमिनीवर बसून करा. दुर्बिणीतून न दिसणारी एखादी बोटभर फांदी मध्ये असते आणि गोळी वळते. बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या तीन-चार मोकळ्या खिडक्या हेरून ठेवा.

माजात आलेला नर नाक जमिनीला लावून मादीच्या मागावर झपाझप जातो. तो थांबत नाही. तोंडाने बकरीसारखा एक छोटा ‘मॅ’ काढलात तर पुष्कळदा जागच्या जागी थबकतो. मात्र बंदूक खांद्याला लागल्यावरच आवाज काढा. थबकलेला नर आता थेट आवाजाच्या दिशेला बघत असतो, हालचालीला वाव उरलेला नसतो.

पायरी ६: सोडायच्या संधी

हरीण आडवं उभं असेल, किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल, तेव्हाच नेम धरा. तोंड तुमच्याकडे असेल, पाठ असेल, पळत असेल, तर थांबा. टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असेल तर गोळी पलीकडे कुठे जाईल ते सांगता येत नाही. नेम कितीही सोपा वाटला तरी तो घ्यायचा नाही. कायद्याने ठरलेली वेळ संपली असेल तर शिंगं कितीही मोठी असोत, बंदूक खाली ठेवा. संध्याकाळच्या शेवटच्या मिनिटांत मोठे नर निघतात, त्यामुळे हा प्रसंग येणारच आहे.

उत्तरेला बोल्डर जंक्शनच्या परिसरात पूर्ण पांढरी हरणं दिसतात. व्हिस्कॉन्सिनमध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. बर्फातून तसं हरीण चालत आलं तर बंदुकीला हात न लावता पोटभर बघून घ्या, अशी भेट पुन्हा मिळेलच असं नाही.

बॅराबूच्या जवळ सरकारी जमिनीवर मी अशीच ओकला टेकून बसले होते. खिशात नराचा टॅग होता, मादीचा होता तो खासगी जमिनीचा. एक मादी आणि तिची दोन मोठी झालेली पाडसं चढाने वर आली. वारा माझ्या तोंडावर होता. धाकटं पाडस इतकं जवळ आलं की त्याच्या पापण्यांवरचं दव दिसत होतं. त्याने माझ्या बुटाचा वास घेतला, शिंकलं, आणि आईकडे वळलं. आईने तोवर पाय उचलला होता. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग तिघंही ओढ्याच्या बाजूला उतरली. थोड्या वेळाने त्यांच्याच मागावर एक कोवळा नर आला, नाक खाली, घशातून घुरघुरत. तो झाडीतून बाहेर आलाच नाही. दिसली ती फक्त शिंगांची टोकं आणि पाठ. त्या सकाळी मी चाप ओढला नाही, आणि हरणं कशी वागतात याबद्दल त्या सकाळी जेवढं दिसलं तेवढं कुठल्याच वर्गात शिकायला मिळालं नसतं.

मादीबद्दल एक सांगायला हवं. टॅग असेल आणि हरीण नीट उभं असेल तर मादी मारण्यात काही कमीपणा नाही. कळप आटोक्यात राहतो तो माद्यांच्या संख्येवर. मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड हे १९४० च्या दशकातच सांगत होते, आणि तेव्हा लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. ज्या जंगलात हरणं फार होतात तिथे नवी झाडं उगवून वर येऊच शकत नाहीत.

पायरी ७: बार झाल्यावर

लगेच दुसरं काडतूस नळीत घ्या आणि हरीण कुठे दिसेनासं झालं ते एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवा. मग अर्धा तास जागचं हलायचं नाही. फुप्फुसात लागलेलं हरीणसुद्धा शंभर यार्ड पळतं; लगेच पाठलाग केला तर आणखी लांब जातं.

‘हुकला असेल’ असं म्हणून उठून जाऊ नका. प्रत्येक बारानंतर जागेवर जाऊन बघायचं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण जवळच पडलेलं असेल. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, काही तास थांबा. हिरवट-तपकिरी आणि घाण वास म्हणजे पोटात लागलं आहे. तेव्हा सहा-आठ तास माघार घ्यायची, मग माग काढायचा. रक्ताच्या प्रत्येक शेवटच्या थेंबावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत पुढे जा, मागे वळून पाहिलं की दिशा समजते. माग तुटला तर माग काढणारे प्रशिक्षित कुत्रे घेऊन येणारे लोक असतात, त्यांना बोलवा. जखमी हरीण शोधण्यात आख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या, ते आपलं देणं आहे.

हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

पायरी ८: मांस

पोट लवकर साफ करा, मांस थंड करा. रबरी हातमोजे घाला. २००२ मध्ये व्हिस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग पहिल्यांदा सापडला आणि आता तो राज्यात बराच पसरला आहे. डीएनआर मोफत तपासणी करतं. ठिकठिकाणी डोकं ठेवायच्या पेट्या असतात. निकाल यायला काही दिवस लागतात. तोवर मांस तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. रोग आढळला तर ते खायचं नाही, अगदी चांगलं दिसत असलं तरी.

हरणाच्या मांसात चरबी फार कमी असते, त्यामुळे मटणासारखं शिजवायला गेलात तर पाठीचा भाग चामड्यासारखा होतो. पाठीचे तुकडे आलं-लसूण, मिरपूड आणि लिंबू लावून तापलेल्या तव्यावर भराभर परता, आतून गुलाबी असतानाच उतरवा. पायाच्या नळ्या आणि मान मात्र तीन-चार तास मंद आचेवर ठेवा. काळ्या मसाल्याचा आणि सुक्या खोबऱ्याचा रस्सा त्यांनाच शोभतो. खिमा करणार असाल तर त्यात थोडी बकऱ्याची चरबी मिसळून घ्या.

शिंगं भिंतीवर लावायची तर इथल्या घराच्या भिंतीवर लावा. सुट्टीत पुण्याला नेऊन दाखवायचा मोह आवरा: भारतात वन्यप्राण्यांच्या अवशेषांबद्दल कायदा फार कडक आहे आणि विमानतळावर हे हरीण कुठल्या देशातलं होतं ते समजावत बसावं लागेल. फोटो न्या. फोटोखाली पाठीच्या तुकड्यांना लावायचा मसाला लिहून द्या, घरचे तेच आधी विचारतात.